टाळूवरचं तेल

११ ऑक्टोबर २०२५
नाशिक, हॉस्पिटलच्या व्हरांड्यातून

ज्ञानेशराव,

आमच्याकडे पत्राची सुरुवात ‘सप्रेम जयभीम’ अशी करतात. जयभीम करते. सप्रेमचं पुढे बघू.

फोन असताना सासूबाई पत्र का लिहितात, असा प्रश्न तुम्हाला पडेल. फोनवर तुम्ही ‘हं’ म्हणता. मी दहा वाक्यं बोलले की एक ‘हं’ येतो, आणि तो होकार होता की जांभई, हे मला आजवर कळलेलं नाही. कागदावर ‘हं’ चालत नाही. दत्तू सकाळी तुमच्या मळ्यातला झेंडू टेम्पोतून फूलबाजारात टाकतो आणि मखमलाबादला परतताना इकडून जातो. त्याच्याजवळ हे देते आहे. उत्तर त्याच्याच हाती पाठवा, आणि ते वाक्यात असू द्या.

सृष्टीच्या डोक्यातली नळी काढली. ज्या नळीचं तुम्ही गावभर कौतुक सांगत फिरलात, तीच. आता डोक्यातलं पाणी बाहेर लटकवलेल्या पिशवीत उतरतं. पिशवी किती उंचीवर टांगायची ते ठरलेलं आहे, म्हणून पोरीला उचलून घ्यायचं तर आधी सिस्टरला हाक मारावी लागते. ताप उतरतो आणि चढतो. पाच महिन्यांचं लेकरू, डोळे उघडून बघतं, पण ओळखत नाही. मी तिच्यासमोर टाळ्या वाजवल्या. नर्सने मला बाहेर बसायला सांगितलं.

तुम्ही सगळं सोयीने विसरता, म्हणून सुरुवातीपासून सांगते. सृष्टीचं डोकं मोठं होतंय हे तुमच्या लक्षात आलं नाही, तुमच्या मातोश्रींच्या तर नाहीच. त्या म्हणाल्या, थोर माणसाचं डोकं थोर असतं. लक्षात आलं ते माझ्याकडे न्हाऊ घालायला येणाऱ्या तानुबाईच्या. तिने टाळूवर तेल घातलं, बोटं फिरवली आणि हात मागे घेतला. म्हणाली, “बाई, या लेकराची टाळू मऊ नाय लागत. आतून कुणी दाबून धरल्यागत हे.” मी त्याच दिवशी डॉक्टर गाठला. (तेल मालिशीपुरतं होतं. माझ्या घरात त्यात श्रद्धाबिद्धा नसते, हे तुम्हाला ठाऊक आहे.)

मेंदूतलं पाणी उतरायची वाट बंद. मग डोक्यातून कातडीखालून, कानामागून, मानेतून थेट पोटात जाणारी नळी बसवली. डॉक्टरांनी स्वतः सांगितलं की अशा नळीला सगळ्यात मोठा धोका जंतूंचा, म्हणून औषध मुरवलेली नळी घालू. केशरी रंगाची. तुम्हाला ती दाखवली तेव्हा तुम्ही, बी.एस्सी. ॲग्री, काय म्हणालात? “म्हणजे बीजप्रक्रिया केलेलं बियाणं.” डॉक्टर सौजन्याने हसले. मी हसले नव्हते. माझ्या नातीच्या मेंदूची तुलना मक्याच्या दाण्याशी होत होती.

टाके निघाले, जखमेचा एक कोपरा तेवढा ओला होता. डॉक्टर म्हणाले, कोरडं ठेवा, पाणी नको, तेल नको, काही म्हणजे काही लावू नका. आणि तुम्ही काय केलंत? नवरात्रात झेंडूची तोडणी, घरात माणूस नाही, आई एकटी पडते, असं म्हणत माझ्या अंजलीला आणि नातीला तीन दिवस मळ्यावर नेलंत. परत आली ती तापाने फणफणलेली.

त्या तीन दिवसांत तुमच्या आईने माझ्या नातीच्या डोक्याला काय लावलं? एवढं एकच विचारायला हे पत्र आहे. अंगारा, भंडारा, हळद, तेल, गोमूत्र, की सगळ्याचा काला? ज्या बाईचं नावच नवसाबाई, तिने सुनेच्या लेकराचं डोकं मोकळं सोडलं असेल यावर मी विश्वास ठेवायचा? मी नोटांच्या छापखान्यात पस्तीस वर्षं कोऱ्या नोटांमधले दोष शोधले आहेत. खोटं मला पालथं घातलेलं असलं तरी दिसतं.

परवा मी तुम्हाला सगळ्यांदेखत ‘निघा’ म्हणाले आणि तुम्ही निघालात. जावई झाल्यापासून ऐकलेलं पहिलं वाक्य. आत आईखेरीज एकाच माणसाला सोडतात आणि तो पास माझ्याकडे आहे. माझ्याकडेच राहील. तुम्ही झेंडू तोडा.

लता


१४ ऑक्टोबर

ज्ञानेशराव,

उत्तर नाही. दत्तू म्हणतो, “दिलं होतं दादांना. वाचलं, घडी केली, खिशात ठेवलं.” घडी करून खिशात ठेवण्याची विद्या तुम्हाला चांगली अवगत आहे.

रिपोर्ट आला. जंतूचं नाव लांबलचक आहे, तुम्हाला सांगून उपयोग नाही. उपयोगाचं सांगते. तो पाण्यातला जंतू आहे. टाक्या, नळ, ओलसर जागा, तिथे राहतो. डॉक्टरांनी मला आणि अंजलीला समोर बसवून समजावलं. तुमच्यासाठी मी सोपं करते.

तुमच्या त्या केशरी नळीत दोन औषधं मुरवलेली असतात. ऑपरेशनच्या वेळी आणि नंतरच्या काही आठवड्यांत, माणसाच्या कातडीवरचे जे नेहमीचे जंतू असतात, ते या नळीवर घर करू शकत नाहीत. एकदा का त्यांनी नळीवर घर केलं की शिरेतून कितीही औषध द्या, निघत नाहीत, नळीच काढावी लागते. म्हणून ही युक्ती. पण ही युक्ती त्या ठरावीक जंतूंपुरती. पाण्यातला हा जो आलेला आहे तो त्या दोन औषधांना जुमानत नाही. डॉक्टर म्हणाले, “नळी म्हणजे कवचकुंडलं नव्हेत. तिने तिचं काम केलं. हा पाहुणा तिच्या यादीतला नव्हता.”

आणि तुम्ही? ऑपरेशननंतर उरकलेल्या बारशाला आलेल्या प्रत्येकाला तुम्ही काय सांगत होतात ते मी या कानांनी ऐकलं आहे. “आतूनच औषध आहे ना, जंतू जवळ फिरकणार नाही.” तुमचे काका, तुमचे मित्र, तो मंडपवाला, सगळे माना डोलवत होते. लोकांनी ताईत टाकून दिले म्हणून मला आनंद व्हायचा. आता कळलं की टाकले नाहीत, फक्त बदलले. पूर्वी दंडात बांधायचे, तुम्ही डोक्यात घातलात. ताईत असला की माणूस बिनधास्त होतो आणि मग काळजी घेत नाही. तुमच्या मळ्यात नेमकं तेच झालं आहे.

डॉक्टरांनी विचारलं, जखमेला कुठलं पाणी लागलं होतं का? मी म्हणाले, मुलीच्या सासरी विचारावं लागेल. अंजलीचं म्हणाल तर ती हल्ली काहीच बोलत नाही. नुसती पोरीचं टोपडं मांडीवर घेऊन बसते. एम.एस्सी. झालेली माझी मुलगी, दोन वर्षं कॉलेजात प्रयोगशाळा चालवली, तिची तुमच्या घरात जाऊन ही अवस्था. हे पत्र लिहिताना बघून म्हणाली, “आई, पुरे कर ना.” मी म्हटलं, तू झोप. आपलेच दात आणि आपलेच ओठ असं समजून गप्प बसणाऱ्यांतली मी नाही. आणि दात माझे, ओठ तुमचे आहेत.

चार ओळी लिहा. काय लावलं, कधी लावलं, कशाने धुतलं. तुमच्या आईला मी फासावर देणार नाही. मला फक्त तिच्या तोंडावर एकदा बोलायचं आहे.

गेटसमोर चहाच्या टपरीवर दुपारी तुमच्यासारखा एक माणूस बसलेला दिसला. पाठमोरा होता. तुम्ही नसाल. तुम्हाला तोडणीतून वेळ कुठला.

लता


१७ ऑक्टोबर

ज्ञानेशराव,

मिळालं उत्तर. खताच्या पावतीच्या पाठीवर लिहिलंत, हेही तुमच्या योग्यतेला धरून आहे. ‘आईने सृष्टीला काहीही लावलेलं नाही. माझ्यावर विश्वास ठेवा. ती दूध पिते का?’

तीन वाक्यं. त्यातलं पहिलं खोटं, दुसरं विनोदी आणि तिसरं विचारायचा अधिकार तुम्ही मळ्यात ठेवून आलात. तरी सांगते. पिते. बाटलीने थोडं, उरलेलं नाकातल्या नळीने. आणि रडते. रडली की डोक्यातलं पाणी भसकन पिशवीत उतरतं, मग सिस्टर धावत येते, मग चिमटा लावतात. अंजलीच्या हातात रडते, माझ्या हातात तर हमखास रडते. गप्प कुणाच्या हातात बसायची ते तुम्हाला ठाऊक आहे, मी ते लिहिणार नाही.

आता नीट वाचा. घडी नंतर करा.

डॉक्टरांनी आज बोलावलं होतं. म्हणाले, हा जंतू मेंदूच्या पाण्यात दोन वाटांनी येऊ शकतो. एक, डोक्यावरच्या जखमेतून, बाहेरून. दुसरी वाट खालची. नळीचं दुसरं टोक पोटात होतं. क्वचित ते टोक आतड्याला टोचतं आणि आतड्यातली घाण नळीतून वर चढते. सोनोग्राफीत तसं काही दिसत नाही, पण बारीक छिद्र सोनोग्राफीत दिसेलच असं नसतं. बाहेरून काही लागलं होतं असं कळलं तर गोष्ट उलगडते. कुणीच काही सांगत नसेल, तर पोटाला छेद देऊन आतडं तपासावं लागेल. सोमवारी.

सृष्टीचं पोट माझ्या तळहाताएवढं आहे. या लेकराच्या डोक्याला तीन ठिकाणी टाके आहेत. आता पोट. का, तर कुण्या नवसाबाईला सुनेसमोर लाज वाटते आणि तिच्या मुलाला आईची अब्रू पोरीच्या पोटापेक्षा मोठी वाटते.

डॉक्टर बोलत होते तेव्हा अंजली खुर्चीवरून उठून बाहेर गेली. मी मागे गेले तर जिन्यात भिंतीला डोकं टेकून रडत होती. मी म्हटलं, रडू नकोस, त्या माणसाकडून मी कबुली काढून घेते. तर आणखीच रडली. तुमच्या मौनाने तिचं काय केलंय ते येऊन बघा, असं म्हणणार होते, पण पास माझ्याकडे आहे.

सोमवारच्या आत सांगा. नाही सांगितलंत तर पुढे कधी त्या पोरीने पोटावरच्या व्रणाबद्दल विचारलं, तर मी तुमचं नाव सांगेन.

आणि ते टपरीवर बसणं बंद करा. शोभत नाही. माणसाला वाटेल, सासूने बाहेर काढलाय.

लता


२० ऑक्टोबर, सोमवार

ज्ञानेशराव,

छेद दिला नाही. हे आधी लिहिते, कारण तुम्ही गेटवर असाल आणि तुम्हाला कुणी सांगितलं नसेल.

आता तुमच्या कर्तबगारीकडे येते. काल संध्याकाळी मी व्हरांड्यात बसले होते तर नवसाबाई येताना दिसल्या. डोक्यावर पदर, नखांत झेंडूचा पिवळा रंग, हातात फुलांची करंडी. वॉचमनला म्हणाल्या, देवीच्या फोटोला फुलं हायेत, दिवाळीचं नाय म्हणू नको. त्याने सोडलं. मला बघून थांबल्या. मी शेजारच्या खुर्चीवरची पिशवी उचलली नाही. त्या खाली फरशीवर बसल्या.

डॉक्टर राउंडहून बाहेर आले तशा उठल्या आणि सरळ त्यांच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या. अंजली दारात होती.

“डॉक्टरसाहेब, म्या लावलं तेल. लेकराच्या टाळूला. सूनबाय रानात हुती, तिला नाय माहीत. माझी चूक हाय. पोट फाडू नका तिचं.”

मला काय वाटलं ते खरं सांगते. आनंद झाला. नातीचा जीव टांगणीला आणि मला आनंद झाला, की मी म्हणाले तेच निघालं. मी तोंड उघडलंसुद्धा. पण डॉक्टरांनी हात वर केला आणि त्यांना विचारलं, “बरं केलंत आजी, सांगितलंत. मग धुतलं कशाने?”

“नाय धुतलं. नुसतं तेल.”

“आठवून सांगा. पाणी लागलं का जखमेला?”

“नाय बा. पाणी कशाला लावू? तुमीच नको म्हणला व्हता.”

डॉक्टरांनी मान हलवली. म्हणाले, तेल लावायला नकोच होतं, पण नुसत्या बाटलीतल्या तेलाने हा जंतू यावा हे मला पटत नाही. पाणी नसेल तर उद्या पोट बघणं टाळता येणार नाही. आणि ते निघाले.

तेव्हा अंजली बोलली. आवाज एवढा लहान होता की डॉक्टरांना परत फिरावं लागलं. “पाणी लागलं होतं. हौदातलं. आत्याबाईंनी काही नाही केलं. मी केलं.”

पुढचं तुम्हाला अर्धंच माहीत आहे असं ती म्हणते, म्हणून पूर्ण लिहिते. दुपारी तुम्ही सगळे तोडणीला गेला होतात. पोरगी पाळण्यात. अंजलीने टोपडं काढलं आणि बघितलं तर टाळू आत गेलेली, वाटीसारखी. ज्या टाळूकडे आम्ही ऑपरेशनपर्यंत फुगलेली म्हणून बघत होतो ती खोल गेलेली. खरं तर नळी काम करत होती म्हणून ती खाली गेली होती. डॉक्टरांनी तसं होईल म्हणून सांगितलंही होतं. पण लहानपणापासून कानावर काय पडलेलं? टाळू पडली की लेकरू जातं, टाळू भरावी लागते. एम.एस्सी. कुठे गेली कोण जाणे. तिने तेल ओतलं. नळीत औषध आहे, जंतू फिरकणार नाही, असं तुम्ही म्हणाला होतात, त्यावर विसंबली. तेल ओघळून जखमेच्या कोपऱ्यात गेलं तशी घाबरली. कुणी यायच्या आत धुऊन टाकावं म्हणून दाराशी जो हौद आहे, ज्यात तुम्ही फुलांच्या जुड्या ओल्या ठेवता, त्यातलं तांब्याभर पाणी घेतलं आणि डोकं धुतलं.

तुम्ही आलात तर टोपड्याला तेलाचा वास. तुम्ही विचारलंत, तिने तेलाचं सांगितलं, पाण्याचं नाही. तुम्ही टोपडं स्वतः धुऊन वाळत घातलंत आणि म्हणालात, कुणाला बोलू नको, मी बघतो. हेच ना तुमचं बघणं?

डॉक्टरांनी तिला खुर्चीवर बसवलं. रागावले नाहीत. म्हणाले, हे कळलं म्हणून पोट वाचलं, पहिल्या दिवशी कळलं असतं तर रिपोर्टची वाट न बघता नेमकं औषध देता आलं असतं. तिने तुमच्या बीजप्रक्रियेची आठवण काढली तर म्हणाले, उदाहरण अगदी बरोबर आहे, प्रक्रिया केलेलं बी काही रोगांपासून वाचतं, पण वावरात पाणी तुंबलं तर ते काय करणार. तुमचं उदाहरण डॉक्टरांना आवडलं. मला अजूनही आवडलेलं नाही.

मग मी अंजलीला विचारलं, हे आधी का नाही बोललीस? तर माझ्याकडे न बघता म्हणाली, “डॉक्टरांना सांगायची भीती नव्हती वाटत. तुझी वाटत होती.” नवसाबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. त्यांच्या नखांतला पिवळा रंग अंजलीच्या ड्रेसला लागला.

तुम्ही माफीची वाट बघत असाल तर बघू नका. तुमचं ‘आईने काहीही लावलेलं नाही’ हे वाक्य शब्दशः खरं होतं, हे मान्य करते. अशा शब्दशः खरं बोलणाऱ्यांचा मला जास्त तिटकारा आहे. बायकोला वाचवायला गप्प बसलात, आईला खोटं बोलायला पाठवलंत आणि स्वतः टपरीवर चहा प्यायलात. गप्प बसण्याला तुम्ही प्रेम म्हणत असाल. तुमच्या प्रेमापायी योग्य औषध उशिरा सुरू झालं. सगळी मोठी माणसं एकमेकांची अब्रू झाकत बसली होती आणि एकटी ती पोरगी ताप काढत होती.

‘सगळी’ लिहिलंय. वाचलं असेल तुम्ही.

लता


५ नोव्हेंबर

ज्ञानेश,

डोक्यातलं पाणी स्वच्छ आलं. पुन्हा तपासलं, पुन्हा स्वच्छ. उद्या सकाळी नवीन नळी बसवतील. परत केशरीच. मी डॉक्टरांना विचारलं, आधीची फुकट गेली, मग तीच का? ते म्हणाले, फुकट गेली नाही, कातडीवरचे जंतू आजही तेवढेच आहेत, त्यांच्याविरुद्ध हिच्याइतकं चांगलं दुसरं काही हाताशी नाही, बाकीची राखण मात्र घरच्यांनी करायची. ‘घरच्यांनी’ म्हणताना ते माझ्याकडे बघत होते. त्यांच्या बघण्याचा मला राग आला.

नवसाबाई रोज येतात. वॉचमन आता विचारत नाही. त्या आत जात नाहीत, बाहेर बसून डबा उघडतात. मेथीची भाजी बरी करतात, मीठ थोडं जास्त असतं. मी त्यांना म्हणाले, खोटं बोलायला आलात ते निदान सुनेला विचारून तरी यायचं. म्हणाल्या, “इचारलं आसतं तं तिनं येऊ दिलं नसतं, विहीणबाय. आईच्या नावावर आसलं काय नको. पोरगी मोठी झाल्यावर कुणी तरी सांगतंच. आजीच्या नावावर खपून जातं.” अडाणी बाई आहे हे माझं मत कायम आहे. फक्त ते मी आता मोठ्याने बोलत नाही.

आता एक गोष्ट लिहिते. ती अंजलीला माहीत नाही आणि तुम्ही तिला सांगायची नाही. गप्प बसायची तुम्हाला सवय आहे, ती एकदा माझ्या कामी येऊ दे.

काल दुपारी अंजली जेवायला गेली. मी आत एकटी होते. पट्टी बदलायला सिस्टरने टोपी काढली आणि कुणी बोलावलं म्हणून दोन मिनिटं बाजूला गेली. सृष्टीची टाळू आत गेलेली होती. खोल. श्वासाबरोबर खालीवर होत होती. मला सगळं ठाऊक होतं. पिशवीत पाणी उतरतंय म्हणून खाली गेलीय, चांगलं लक्षण आहे, हे मी तुम्हाला पत्रातून शिकवलं होतं. तरी ज्ञानेश, माझा हात माझ्या कापडी पिशवीत गेला. पिशवीच्या तळाशी तानुबाईची तेलाची बाटली होती. ती हॉस्पिटलच्या पिशवीत कुणी ठेवली? मीच. दुसरं कोण ठेवणार. का ठेवली, ते मला सांगता येत नाही. झाकणाला बोट लागलं तेव्हा मला कळलं की मी काय करते आहे.

सिस्टर परत आली. मी हात बाहेर काढला. तिने विचारलं, काही हवंय का आजी? मी म्हटलं, रुमाल शोधत होते.

रात्रभर मी माझ्या हाताकडे बघत होते असं लिहिलं तर तुम्ही हसाल, म्हणून लिहीत नाही. आज सकाळी खाली ऑफिसात गेले. पासावरचं माझं नाव खोडून तुमचं घालायला लावलं. तो क्लार्क म्हणाला, असं करता येत नाही. त्याला मी करून दाखवलं. नवीन फोटो उद्या लावतील, तोवर वॉचमनला मी सांगून ठेवलं आहे की टपरीवर बसणारा तो लांबुडक्या तोंडाचा माणूस मुलीचा बाप आहे. तो म्हणाला, “माहीत हाय की. रोज इचारतो, सृष्टीचं कसं हाय.”

ऑपरेशनला आत नेईपर्यंत पोरीला कुणीतरी मांडीवर धरावं लागतं. ती रडता कामा नये. माझ्याकडे रडते, अंजलीकडेही रडते. तुम्ही या. साडेसातच्या आत या, नखं कापून या, आणि शर्टाला फवारणीचा वास नको. आत गेल्यावर सिस्टर सांगेल ते ऐका, ‘हं’ म्हणू नका. टाळू खोल दिसली तर घाबरू नका. घाबरलात तर माझ्यासारखं गप्प राहू नका, तिथल्या तिथे बोला.

पास दत्तूजवळ पाठवते आहे. बाटलीही. ती देवापुढच्या दिव्याला वापरा, आमच्याकडे परत आणू नका. मी उद्या वर येणार नाही. तुमची टपरीवरची जागा रिकामी होईल, तिथे बसेन. चहा कसा असतो ते तुम्ही कधी सांगितलं नाहीत.

सप्रेम जयभीम.

लता